चेनची घट्ट जागा

मला माझ्याच नवऱ्याचा हेवा वाटला, आणि तोही माझ्याच वडिलांवरून. सांगायला लाज वाटते, पण वाटला, आणि चांगले तीन आठवडे वाटला.

बाईक माझी. सव्वाशे सीसीची, स्वस्तातली, लाकडी क्रेटमधून सुट्या भागांत आलेली. हँडल आणि पुढचं चाक मी इथे अमेरिकेत, हर्नडनच्या आमच्या घरासमोर, स्वतः बसवलं. नवऱ्याने तेव्हा फोटो काढले. त्याला पाना नीट धरता यायचा नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती. मेट्रो स्टेशनपर्यंत जायला ती गाडी मला पुरायची. फक्त तिची चेन खोडसाळ होती. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'खड्' वाजायची. ताणली की कुरकुरायची, सैल सोडली की गार्डवर आपटायची.

उन्हाळ्यात बाबा नागपूरहून आले. त्यांची सगळी नोकरी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये गेली. मी ऑफिसातून आले तेव्हा चेनचा आवाज ऐकून ते चहाचा कप ठेवून बाहेर आले, पँट दुमडून खाली बसले आणि दाराकडे बघून म्हणाले, "जावईबापू, जरा या इकडे."

मी दोन पावलांवर हेल्मेट हातात घेऊन उभी होते.

लहानपणी दर रविवारी बाबा अंगणात मोटारसायकल उघडून बसायचे. पाना द्यायचा मान भावाचा. मी जवळ गेले की फ्रॉक काळा होईल म्हणून मला आत पाठवायचे. मग मी खिडकीतून बघायचे. जे शिकले ते तेवढंच, आणि त्याच जोरावर मी इथे क्रेट उघडलं होतं. आता गाडी माझी, चेन माझी, निदान आता तरी बाबा माझ्याशेजारी बसतील असं मी धरून चालले होते.

बसले ते नवऱ्याशेजारी. रोज पाच वाजता तो लॅपटॉप मिटायचा आणि दोघं फाटका टॉवेल घेऊन गाडीपाशी जायचे. चेन जिथे थांबेल तिथेच नवरा दोन बोटं लावून ढील बघायचा, नट आवळायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खड्. बाबा म्हणायचे, असू दे, होतं असं, पुन्हा बघू. हे 'असू दे' मी उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

एका दुपारी दोघं किराणा आणायला गेले तेव्हा मी गाडी डबल स्टँडवर घेतली. चेनच्या एका कडीवर खडूने खूण केली, मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीच्या, एका दातावर दुसरी, आणि हाताने चाक फिरवत गेले. खुणेचा दात वर आला की चेन ताणली जायची, दर फेऱ्याला. कडीवरची खूण मात्र दर वेळी वेगळीकडेच. म्हणजे चेन निर्दोष होती, स्प्रॉकेटच किंचित एका बाजूला बसलेलं होतं. ते मध्यावर आणायचं आणि मग ढील मोजायची ती सगळ्यात घट्ट जागी. दुसरीकडे कुठेही मोजली तर फसगत ठरलेली.

बाबांना हे पहिल्याच दिवशी कळलं असणार. जावईबापूंना आपणहून सापडावं म्हणून ते थांबले होते. हे लक्षात आलं तेव्हा माझा अगदी जळफळाट झाला. मी खडू पुसून टाकला आणि कोणालाच काही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर नवरा चुकत राहावा असंच मला वाटत होतं.

तो रात्री म्हणाला, "यार, बाबा किती छान एक्सप्लेन करतात. तू लकी आहेस." त्याचे वडील तो शाळेत असतानाच गेले. मला हे ठाऊक होतं, तरी त्याची दया काही आली नाही. मी भांडी आपटत राहिले.

बाबांच्या विमानाच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम एक्सलचा नट सैल केला, चाक थोडं तिरकं केलं आणि बाबांना हाक मारली. जमत नाहीये, जरा दाखवा ना, असं म्हणाले. ते आले, माझ्याशेजारी बसले, चाक बघितलं, मग माझ्या हाताकडे बघितलं.

"तुला येतं की हे," ते म्हणाले. "पाना धरलास त्यावरूनच दिसतंय."

मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. तेवढ्यात चपला घालून नवरा बाहेर आला. बाबा सरकले आणि त्याला जागा करून दिली.

"या, जावईबापू. ही कशी करते ते बघा."

मी करत गेले. स्प्रॉकेटचे बोल्ट सैल केले, ते मध्यावर आणलं, बोल्ट पुन्हा आवळले, चाक फिरवून घट्ट जागा शोधली. बाबा माझ्या डोक्यावरून त्याला सांगत होते, बघा, तिने घाई केली नाही, आता ती तिथेच मोजेल, बघा, दोन्ही बाजूंनी सारखं घेतलं. सगळं बरोबर होतं आणि सगळं कौतुकाचं होतं. मी शेवटचा नट आवळून वर बघितलं. बाबा नवऱ्याकडे वळून विचारत होते, "कळलं ना?"

त्या सगळ्या वेळात ते माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते.