फोटोपुरतं दावं

२०२३ साल होतं आणि मी बहात्तर वर्षांचा होतो. शाळेच्या दाखल्यावर सत्तर आहे, पण तो मास्तरनं अंदाजानं लिहिलेला. तिसरीतून मी उठलो तो परत गेलो नाही. आता हे लिहायलो ते नातीनं दिलेल्या वहीत. शुद्धलेखन ती बघेल, पण शब्द बदलायचे नाहीत असं तिला बजावलंय.

माझे थोरले भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठे होते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. ते आता नाहीत. त्यांच्या शेवटच्या वर्षात जे झालं ते माझ्या हातानं झालं, म्हणून दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगतो.

आमचं गाव देवणीपासून दोन कोसांवर. इकडची जनावरं नावाजलेली, बाजारात लांबलांबचे लोक येतात. अण्णांनी पंचेचाळीस वर्षं गावचा वळू राखला. हा वळू कुणा एकाच्या मालकीचा नसतो. चांगल्या गाईच्या पोटचा खोंड निवडायचा, त्याला खच्ची करायचं नाही, महादेवापुढं उभा करून गुलाल टाकायचा आणि सोडून द्यायचा. त्या दिवसापासून त्याला वेसण नाही, दावं नाही. कुणाच्या रानात शिरला तर हाकलायचं, काठी मारायची नाही. गाय माजावर आली की लोक तिला देवळाजवळच्या पारावर घेऊन येतात. वळूला गुळाचा खडा चारायचा, एवढंच. माणसाला काही द्यायचं नाही, माणसानं काही घ्यायचं नाही.

अण्णा सकाळी त्याला भिजवलेली सरकी घालायचे, हे सगळ्यांना दिसायचं. न दिसणारं काम वेगळंच होतं. आसपासच्या नऊ गावांतली कुठली गाय कुणाच्या पोटची, तिची आई कुणी कुणाला विकली, तिचा बाप आताचा वळू की त्याच्या आधीचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. बापाखाली लेक येऊ द्यायची नाही. तशी गाय आली की म्हणायचे, "हिला हितं न्हाई. वरच्या गावच्या वळूकडं न्या." माणूस भांडला तरी ऐकायचे नाहीत. दर पाच-सहा वर्षांनी नवा वळू सोडायचा, तोही लांबच्या गावच्या गाईचा. अण्णा शाळेत एक दिवससुद्धा गेले नव्हते. हे सगळं त्यांनी तोंडी राखलं होतं.

त्या वर्षी जानेवारीत, झेंडावंदनाच्या आदल्या संध्याकाळी, आम्ही हॉटेलात चहा पीत बसलो होतो. टीव्हीवर पद्म पुरस्कारांची यादी आली. त्यात एक सिनेमातला होता. माझं डोकं फिरलं.

मी म्हणलं, "ह्याला कशाला? ह्यानं काय केलंय? नाचायचे पैसे घेतले, नाचला."

रिटायर झालेला तलाठी बाजूला बसला होता. तो म्हणाला, "नाचून दाखवा की तुमी. लोकाला आनंद देतोय त्यो."

"माझ्या अण्णानं नऊ गावाला काय दिलं मग?"

"मग द्या की अण्णाला पद्म. वळूला बी द्या एक."

सगळे हसले. मीच तेवढा हसलो नाही. "आणून दाखवतो," म्हणलो. चहा अर्धा ठेवून उठलो.

नात तेव्हा लातूरला खोली करून क्लासला जायची. मी एसटीनं गेलो. तिनं मोबाईलवर बघून सांगितलं, "आबा, कुणीबी कुणासाठी बी अर्ज भरू शकतंय. मे महिन्यात सुरू व्हतंय बहुतेक. काम काय लिहायचं अण्णाआज्याचं?"

"गाई फळवून देतेत, असं लिही."

"असं लिहीत नसतेत."

"मग कसं लिहितेत?"

"देशी गोवंशाचं जतन आणि संवर्धन."

"बरं. पर हे त्यांच्या म्होरं वाचू नको, घाबरतील."

ती हसली. मग म्हणाली, "पुरावा काय जोडायचा? पेपरात काही छापून आलंय का? फोटो?"

"पुरावा? नऊ गावच्या गाई काय खोट्या हायत?"

"गाई अपलोड होत न्हाईत, आबा."

मला आजही हे पटत नाही. सिनेमावाल्याला कुणी पुरावा मागत नसेल, तो भिंतीभिंतीवर चिकटवलेला असतो. ज्याचं काम कुणाला दिसत नाही त्यानंच ते दाखवत फिरायचं. देणाऱ्याला द्यायचंच असेल तर त्यानं गावात यावं, पारावर चार दिवस बसावं, गाई येतात-जातात ते बघावं. पण तेव्हा मी हट्टाला पेटलो होतो. मागतात तर देऊ पुरावा, म्हणलं.

अण्णांना सांगितलं. ते सरकी भिजवत होते. वर बघितलं नाही.

"मला कशाला? मी काय केलंय? वळूनं केलंय."

"तुमी न्हाई तर वळू कुठला?"

"देवाच्या जनावरावर बक्षीस मागतेत व्हय रं? नको."

"अण्णा, पर..."

"नको म्हणलो न्हवं."

मी तिथनं उठलो. मी गप्प बसलो की मनातलं करूनच सोडतो, हे माझ्या बायकोला माहीत होतं.

मे महिन्यात अण्णा आणि वहिनी नायगावला लेकीकडं गेले. नातवाच्या लेकराचं जावळ होतं. लातूरच्या एका लहान पेपरचा माणूस मी आधीच गाठून ठेवला होता. तो म्हणाला, येतो तर याच आठवड्यात, नाहीतर जमत नाही. ये म्हणलो. तो फोटोवाल्याला घेऊन मोटारसायकलवर आला. पारावर उतरला आणि मला विचारलं, "बाबा, वळू राखणारे तुमीच का?"

मी "हाव" म्हणलो.

हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांना वाटतं पेपरवाल्यानंच घोळ घातला. घोळ नव्हता. त्यानं विचारलं आणि माझ्या तोंडातून हाव गेलं. मनात म्हणलं, अण्णा इथं नाहीत, तोंडं आमची सारखीच, काम झाल्याशी मतलब. पण फोटोवाल्यानं मला उभं केलं, पटका नीट करायला लावला, तेव्हा माझी छाती पुढं आली होती. तेवढं मला आठवतं.

वळू वानेरा होता, अंगानं पांढरा आणि तोंडावर काळा. तो एका जागी उभा राहीना. मी वशिंडावर हात ठेवला की दोन पावलं सरकायचा.

फोटोवाला म्हणाला, "ह्याला दावं न्हाई का, बाबा? जरा धरा की. हलायलाय."

बायको घरातून मागोमाग आली होती, ती म्हणाली, "आवो, नका."

मी गोठ्यात गेलो, बैलाचं दावं आणलं आणि त्याच्या शिंगांना गुंडाळलं. मला वाटलं होतं झटका देईल, मला पाडील. त्यानं दाव्याचा वास घेतला आणि उभा राहिला. मला ओळखत होता. चार फोटो झाले. लगेच सोडलं मी.

नाव मी अण्णांचं सांगितलं होतं, म्हणून पेपरात नाव त्यांचं आलं आणि फोटो माझा. अण्णांनी तो नायगावातच जावयाच्या मोबाईलवर बघितला. दुसऱ्या दिवशी देगलूरला आणि उदगीरला गाडी बदलत ते आले. घरी न येता सरळ पारावर गेले. मला निरोप धाडला. मी गेलो तर वळू सावलीत रवंथ करत बसला होता आणि अण्णा त्याच्याजवळ उभे होते.

"दावं कुठाय?"

"सोडलं की लगीच. फोटोपुरतं व्हतं."

"आण."

मी आणून दिलं. त्यांनी ते हातात धरून बघितलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. "ज्याचं दावं त्याचं जनावर. हे आता तुझं. सांभाळ."

"अण्णा, तुमच्यासाठीच केलं मी."

"तोंड कुणाचं हाय त्याच्यात?"

ते घराकडं गेले.

आमच्यात जुना कायदा असा, की सोडलेल्या वळूला जो बांधील तो त्याचा मालक. मग तो देवाचा राहत नाही. मला वाटलं, अण्णा रागात बोललेत, चार दिवसांत निवळतील. ते निवळले नाहीत. माझ्याशी बोलणं त्यांनी बंद केलं. आमचं अंगण एक, चुली दोन. विहिरीवरची मोटार लावली तरी वहिनीला सांगायचे, "त्याला सांग, पाणी सोडलंय." मी दहा हातांवर असायचो.

चुकलं म्हणायला मला एक पाऊल टाकायचं होतं. ते मी टाकलं नाही. मी काय चोरी केली, भावाचं नाव दिल्लीला धाडलं, असंच घोकत राहिलो. नातीनं अर्ज भरला तेव्हा तिलाही म्हणलं, येऊ दे पत्र, मग बघू अण्णा कसे बोलत नाहीत.

लोक गाई घेऊन यायचे. अण्णा पारावर जायचे बंद झाले होते. त्यांच्या दारात कुणी गेलं तर म्हणायचे, "वळू त्याचा हाय, त्याला इचारा." जूनमध्ये खालच्या आळीतली एक विधवा बाई गाय घेऊन अंगणात आली. तिनं विचारलं, "दाजी, हिचा बाप ह्योच वळू का आधीचा?"

मला ठाऊक नव्हतं. मी अंगणातून ओरडलो, "अण्णा, ही कुठल्या वळूची?" अण्णा ओट्यावर तूर निवडत होते. सूप उचलून आत गेले. बाई माझ्या तोंडाकडं बघत होती. तिच्यापुढं मला माहीत नाही म्हणवेना. "चालतंय," म्हणलो.

ती गाय पुढच्या मार्चमध्ये व्याली. वासरू उभंच राहिलं नाही, चौथ्या दिवशी गेलं. ती बाई मला एका शब्दानं बोलली नाही.

पण त्याच्या लई आधीच लोक यायचे थांबले. ज्याचं त्याला कळतं. कुणी डॉक्टरच्या सुईनं जर्सी भरून घेतली, कुणी गाय विकून म्हैस आणली. दिवाळीपर्यंत पारावर कुत्रं फिरकत नव्हतं. मी वळूला सरकी घालायचो, तो खायचा. पंचेचाळीस वर्षांचं काम सहा महिन्यांत बसलं.

दिवाळीनंतर अण्णांच्या छातीत पाणी झालं. लातूरला दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेलो तर भिंतीकडं तोंड करून पडले. घरी आणल्यावर बाजेवरून उठणं बंद झालं.

जानेवारी आला. यादी लागायच्या दिवशी मी हॉटेलात गेलो नाही. संध्याकाळी नातीचा फोन आला. "आबा, न्हाई. मी दोनदा बघितलं."

"नीट बघ."

"बघितलं म्हणलं की, आबा."

तिनं मला बाकीची नावं वाचून दाखवली. सिनेमातले, गाण्यातले, खेळातले. मग कुणी झाडं लावणारी म्हातारी, कुणी डोंगरातला वैदू. सिनेमावाल्याचा मला यावेळी राग आला नाही. त्याला फोटोत उभं राहायची सवय असते, त्याचं काही जात नाही. मी त्या म्हातारीचाच विचार करत बसलो. तिचा फोटो कुणी काढून धाडला असेल, तिला विचारून का न विचारता. असल्या माणसांनाच मान मिळावा, असं मी अजूनही म्हणतो. कुणी वाद घातला तर भांडतो. पण अण्णांनी नको म्हणलं होतं, आणि माझ्याजवळ त्याला जबाब नाही.

दिवे लागायच्या वेळी मी अण्णांच्या घरात गेलो. आठ महिन्यांत पहिल्यांदा. वहिनी म्हणाल्या, "जागे हायत. बसा."

मी उभाच राहिलो. "अण्णा, यादी लागली. तुमचं नाव न्हाई."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "तू अजून त्येच धरून बसलास का रं?"

"चुकलं माझं," म्हणलो. आयुष्यात दोन-तीनदाच म्हणलं असेन.

त्यावर ते बोलले ते वेगळंच. "उद्या सकाळी खालच्या गावचा एक जण गाय घेऊन येणार हाय. निरोप आलाय. बाळंकी हाय, सगळी पांढरी, एक शिंग मोडकं. तिला आपला वळू लावू नको. तिची आई ह्यालाच लावली व्हती, ही ह्याचीच लेक."

"बरं."

"वरच्या गावाला धाड. भांडीन त्यो. लांबून आलोय म्हणीन."

"बरं."

"भांडला तरी लावू नको. तू हट्टी हाइस, म्हणून तुला सांगायलो."

एवढं बोलून त्यांना धाप लागली. वहिनींनी गोधडी वर ओढली. माझं चुकलं म्हणणं त्यांच्या कानावर पडलं का नाही, मला कळलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही. फेब्रुवारीत ते गेले, आणि त्याआधी माझ्याशी बोलले ते गाईंबद्दलच, तेही दोन-चार वेळा.

यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सव्वीस जानेवारीला, उजाडायच्या आधी मी पारावर जाऊन बसलो. शाळेत पोरं झेंड्यासाठी जमायला लागली होती, लाऊडस्पीकर तपासणं चालू होतं. तो माणूस आला. गाय बाळंकी, एक शिंग मोडकं. मी नाही म्हणलो. तो म्हणाला, "तीन कोस चालून आलोय, दाजी. अण्णा हितं असते तर..." मी म्हणलं, अण्णांनीच सांगितलंय. त्याला खरं वाटेना. कुणाचं काय बिघडतंय, तुमी कोण कलेक्टर लागून गेला, असं बरंच बोलला. मी ऐकून घेतलं आणि नाहीच म्हणलो. शेवटी त्यानं गाय वळवली. वरच्या गावची वाट त्याला माहीत नव्हती. मग मी काठी घेतली आणि त्याच्या गाईच्या मागं चालायला लागलो.