कापणीच्या सणाचा भोपळा

आईच्या भोपळ्याच्या वेलाची झाडून सगळी फुलं मी खाल्ली. भजी करून.

खाल्ली तर खाल्ली, फुलंच ती, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या घरात त्या वेलाला जवळजवळ चर्चच्या मंडळीतल्या सभासदाचा दर्जा होता! कस्टम्समधल्या नोकरीनं मला खिदिरपूरच्या गोदीत आणून टाकलं, तेव्हा नगरची आईही आमच्याबरोबर कोलकात्याला आली. घराजवळच्या बंगाली चर्चमध्ये ती दर रविवारी शेवटच्या बाकावर बसायची, लग्नात चुकून दुसऱ्याच मांडवात शिरल्यासारखी. गाणी कळत नाहीत, उपदेश कळत नाही, ओळखीचं तेवढं ‘आमेन’. ते मात्र ती सगळ्यांच्या आधी म्हणून टाकायची.

एका रविवारी घरी येताना तिनं जाहीर केलं, “कापणीच्या सणाला माझ्या हातचं प्रथमफळ मी तिथं वाहणार. मग ते चर्च माझं. तोवर मी पाहुणी.”

“आई, बाजारातून फळं आणून वाहिली तर?” मी विचारलं.

“मग बाजारवाल्याचं चर्च होईल ते.”

झालं! गच्चीवरच्या जुन्या पिंपात नगरचं बी पडलं, वेल कठड्यावर चढला, आणि नेमकी कळ्या धरायच्या सुमारास आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. (डोळे कोलकात्यात आले म्हणून डॉक्टर बदलायचा नसतो, असं तिचं मत.) माझी बायको रिबेका तिला घेऊन नगरला गेली. वेल माझ्या ताब्यात आला.

खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण राहतात. त्यांना आम्ही मासीमा म्हणतो. एकटा पुरुष बघून त्यांनी एका संध्याकाळी बशी पाठवली. भोपळ्याच्या फुलांची भजी! कुरकुरीत, आत मऊ, तोंडात टाकताच आपण आजवर फुलं केसांत का माळत आलो असा प्रश्न पडावा.

“मासीमा, ही फुलं मिळतात कुठं?”

“ओ मा! फूल तो आपके छत पर ही है, साळवे बाबू!”

एदेन बागेत निदान झाड दाखवून ‘खाऊ नका’ असं बजावलं तरी होतं. मला कोणीच काही बजावलं नव्हतं! मी रोज सकाळी गच्चीवर जायचो, फुलं तोडायचो, बेसनात घोळवायचो. लवकरच मी जाणकारही झालो. काही फुलांच्या पाठीशी एक हिरवा गोल मणी असतो. ती फुलं भरदार. मी हटकून तीच आधी तोडू लागलो. खाण्यापूर्वी डोळे मिटून देवाचे उपकार मानायला मात्र एकदाही चुकलो नाही. (तेवढा मी धार्मिक आहे.)

नगरहून आईचा फोन यायचा.

“फुलं आली का रे?”

“भरपूर! रोज येतायत.”

“फळ धरलं का?”

“धरेल की. देवाच्या हातात आहे.”

खरं तर तोवर ते माझ्या पोटात होतं. आईचं परतीचं तिकीट निघालं, सण तोंडावर आला, आणि वेलावर पानांखेरीज काही दिसेना. मग मी मासीमांना विचारलं.

“हर फूल में फल थोड़े होता है,” त्या म्हणाल्या. “जिसके पीछे छोटा कुमड़ो, कद्दू, रहता है, गोल-गोल, उसी में होता है. हम लोग वो कभी नहीं तोड़ता. आपने तो नहीं तोड़ा ना?”

“वही तो पहले तोड़ता था,” मी म्हणालो.

“सर्बनाश!” मासीमा खालीच बसल्या.

माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या मालाचं मूळ गाव शोधण्यात गेलंय. पेटी बघून मी सांगतो, हा माल तिथला नाही, इथला आहे. त्याच मी सियालदहच्या घाऊक बाजारात जाऊन एक दणदणीत भोपळा खरेदी केला, टॅक्सीत मांडीवर घेऊन आणला, गच्चीवर चढवला आणि सुतळीनं आईच्या वेलाला बांधला! वरून दोन पानं पांघरली. आईची नजर अधू, तिला काय कळणार?

तिची नजर दुरुस्त करून आणलीय, हे माझ्या लक्षात आलं ते ती गच्चीवर पोचल्यावर. करंगळीएवढ्या वेलाला उशीएवढा भोपळा लटकत होता. आईनं पानं बाजूला केली. सुतळी पाहिली. व्यापाऱ्यानं चुन्यानं काढलेली खूणही पाहिली (ती पुसायची राहिली होती).

“मोठा झाला हो,” ती म्हणाली.

“देवाची करणी,” मी म्हणालो.

“हं.”

रिबेकानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं आमच्या खात्यात चोरटं सोनं सापडल्यावर बघतात.

सणाच्या दिवशी चर्चमध्ये पुढं ऊस, केळी, भाताच्या ओंब्या, सगळ्याचा ढीग. भोपळा मीच उचलून नेला. तेवढ्यात आई उठली आणि चर्चच्या पाळकांना, बिस्वाससाहेबांना, खुणेनं म्हणाली, साक्ष द्यायचीय. साहेब खूश! भाषांतराला अर्थात मी.

“ह्या शहरात मी पाहुणी होते,” आई म्हणाली. मी हिंदीत सांगितलं. लोकांनी माना हलवल्या.

“गच्चीवर वेल लावला. पहिलं फळ इथं वाहीन असं देवाला बोलले होते.” मी सांगितलं.

“हा भोपळा त्या वेलाचा नाही.”

मी घसा साफ केला. “यह कद्दू... उसी बेल का है.”

आई माझ्याकडे वळली. “‘नाही’ कुठं गेलं? हिंदीतही ते ‘नहीं’च असतं ना रे? मला ऐकू नाही आलं.”

“नहीं है,” मी म्हणालो.

“वेलाची फुलं माझ्या मुलानं खाल्ली. सांग.”

सांगितलं. अख्ख्या मंडळीत असा हशा पिकला की बाजाच्या पेटीवरच्या बाईंनी डोळे पुसले. आणि मग आईनं पिशवीतून एक जुडी काढली. त्याच वेलाचे कोवळे शेंडे, तलम ओल्या फडक्यात गुंडाळलेले! नगरला हे कोणी खात नाही. इथं त्याची भाजी करतात, हे मासीमांनी तिला आदल्या दिवशी खुणांनी शिकवलं होतं, माझ्या भज्यांच्या गोष्टीसकट.

“फळ नाही, पण हे माझ्या हातचं आहे. देव चालवून घेईल.”

पहिल्या बाकावरच्या बायका ह्याचं मी भाषांतर करण्याआधीच सरकल्या आणि आईला मध्ये बसवून घेतलं.

उपासनेनंतर वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. शेंड्यांच्या जुडीवर तीन बायकांनी आवाज चढवून बोली लावली. भोपळ्याला कोणी हात वर करेना. “ये तो सियालदह में रोज मिलता है,” कोणीतरी म्हणालं. शेवटी माझाच हात वर गेला आणि विरोधी बोली न आल्यामुळे माझाच भोपळा मलाच मिळाला!

बिस्वाससाहेब हसत आईजवळ आले. पुढच्या वर्षीच्या सणाची तयारी आईनं बायकांबरोबर करावी, अशी त्यांनी विनंती केली, आणि माझ्याकडे बघून विचारलं, “और बेटा? वो क्या काम करेगा?”

मी भाषांतर केलं. आईनं फारसा विचार केला नाही.

“ह्याला खुर्च्या मांडायला द्या,” ती म्हणाली. “खुर्च्या काही तो खात नाही.”