सीमेवरची फी

दुबईतलं लग्न उरणच्या एका जमीनदाराच्या मुलीचं होतं. मी तिचा फोटोग्राफर. तिला डोंगरातले फोटो हवेत म्हणून आम्ही गाडीने ओमानला निघालो. सीमेवर माझ्या व्हिसाची फी भरायची वेळ आली, तसे तिचे वडील म्हणाले, "पासपोर्ट तुजा हाय, फी पन तूच भर."

मी भडकलो. "मग काका, फोटो तुम्हीच काढा मोबाइलवर!"

ते हलेनात, मीही हलेना. उन्हात मुलीचा मेकअप ओघळायला लागला, तेव्हा तिनेच आईच्या पर्समधून पैसे काढून भरले.

फोटो झकास आले. हिशेबाच्या वेळी काकांनी माझ्या बिलातून तेवढेच पैसे जेवणाचे म्हणून कापले. आता पनवेलच्या बाजारात भेटले की हसून चहाला नेतात. मी दोन कप पितो, वर भजीही मागवतो.