सत्काराची शाल

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आज मंडईत भाजीवाल्या सखूबाईंनी माझ्या पिशवीत वर मूठभर कोथिंबीर टाकली. मी कोण, हे त्यांना ठाऊक नाही. फौजदार असताना माझ्या गोळीने त्यांचा मुलगा गेला. त्याने हात वर केले होते. "वस्तीतलाच आहे साहेब, कोर्टात कशाला नेता?" असं चोऱ्यांना वैतागलेले शेजारच्या कॉलनीतले लोक त्याच्याबद्दल रोज म्हणत. बंगल्यातला मुलगा असता तर माझं बोट थांबलं असतं. नंतर कॉलनीवाल्यांनीच शाल घालून माझा सत्कार केला, आणि चौकशी लागल्यावर म्हणाले, "आम्ही कुठे सांगितलं होतं?"

"शाल उबदार दिसते, बाबा," सखूबाई म्हणाल्या. तीच शाल होती. माफी मागायला मी तोंड उघडलं.

"कोथिंबीर ताजी आहे," एवढंच मी बोललो.