रेसच्या गाडीला ट्रॅक्टरचं डोकं

आमच्या ह्यांचा गुडघा दुखायला लागला तसा ट्रॅक्टर पोराकडे गेला आणि हे टीव्हीसमोर आले. नातीचा रेसिंगचा गेम आहे. त्यात गाडी नुसती पळवायची नाही, तिचा गिअरबॉक्स, डिफरन्शियल, सगळं आपल्या मनानं बसवता येते. सौंसरच्या जन्मभराच्या ट्रॅक्टरवाल्याला अजून काय पाहिजे? चहा थंड होऊन राहिला, अन् हे डिफरन्शियल लावून राहिले.

ऐकून ऐकून आता मलाही ते पाठ झालं. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरावं, आतलं कमी, एवढीच डिफरन्शियलची नोकरी. ट्रॅक्टर चिखलात फसला का ते लॉक करतात, मग दोन्ही चाकं सारखा जोर लावतात अन् ट्रॅक्टर निघते. तर ह्यांनी रेसच्या गाडीलाही पूर्ण लॉक मारलं. गिअरही असे आखूड, जोर जास्त अन् पळणं कमी, जशी संत्र्याची भरलेली ट्रॉली चढावर न्यायची आहे.

गाडी सुटायची सगळ्यांच्या आधी. पहिल्या वळणावर सरळ भिंतीत.

"आबा, लॉक ढिलं करा ना," नात म्हणे. "गाडी वळतच नाही."

"अन् चाक जागीच फिरलं तं?"

"डांबरी रस्ता आहे तो! चिखल कुठी आहे?"

"पाणी आलं तं?"

सोफ्यावर बसून चिखलाची तयारी ठेवणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही बाप्पा.

तेही चाललं असतं. पण ह्यांनी पांढुर्ण्याच्या जवाईबुवांना रविवारी रेस लावायला बोलावलं. ट्रॅक्टर सुटल्यापासून ह्यांना कोणी कशात विचारत नव्हतं. जवाईबुवांसमोर एकदा जिंकून दाखवायचं होतं, बस. जवाई कोणत्याही कामानं येवो, आमच्याकडे पुरणपोळी होतेच. मी त्या कामाला लागले.

रेस सुरू झाली. हे भिंतीत. जवाईबुवा शेवटच्या रेषेपर्यंत गेले अन् तिच्या अलीकडे गाडी उभी करून बसले.

"उभे काहून झाले?" ह्यांनी विचारलं.

"मामाजी, तुमच्या घरात तुमच्या आधी कसा जाऊ?"

"तुम्ही जवाई, मानाचे. व्हा पुढं."

"नाही नाही, तुम्ही."

हे भिंती घासत तिथवर पोचले अन् जवाईबुवांच्या मागं थांबले. दोन्ही गाड्या दारात अडलेल्या पाहुण्यांसारख्या उभ्या, अन् गेमच्या बाकी साऱ्या गाड्या बाजूनं निघून गेल्या. शेवटचे दोन्ही नंबर आमच्याच घरात आले.

जवाईबुवा हसले. हे हसले नाहीत. हरण्याचं काही नव्हतं; आपल्यासाठी कोणी थांबलं, हे त्यांना लागलं. थोडा वेळ गुडघा चोळत बसले. मग नातीकडे न पाहता म्हणाले, "ढिलं कर वं ते लॉक. गिअरही लांब कर. अन् जवाईबुवा, आता थांबाल तं पोळी मिळणार नाही."

दुसऱ्या रेसमध्ये गाडी वळली. हे स्वतःही सोफ्यावर तिच्यासंगं वळले. जवाईबुवा चांगले पुढं निघून गेले, थांबले नाहीत, अन् हे मागून ओरडून राहिले, "पळा, पळा, येऊन राहिलो मी!"