थंडीतला पंखा

ऐन थंडीत मी मफलर गुंडाळून सकाळचा चहा घेत असतो आणि बायको घामाघूम होऊन पंखा लावते. तिच्या स्तनातली गाठ हार्मोनच्या हुकमावर वाढते. रोजची गोळी तो हुकूम पेशीच्या आत चालू देत नाही, असं डॉक्टर सांगतात. घाम त्या गोळीचाच. पण किती हुकूम अडले, याचा आकडा कोणी देत नाही. गाठ म्हणे ‘आहे तेवढीच’. घाम हा काही पुरावा नव्हे, हेही त्यांनी बजावलंय. मग माणसाने मोजायचं तरी काय? नुसता वैताग!

आज तिने पंखा लावलाच नाही. मी दरडावून विचारलं, “गोळी घेतलीस ना?”

“घेतली हो. लावा पंखा, तुम्हाला बरं वाटेल.”

मी उठून लावला.