भुऱ्याच्या पोटात कुचला गेला तेव्हा

"हात काढा त्याच्यावरून," जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टरसाहेब दारातूनच म्हणाले. "सगळ्यांनी. जल्दी."

मी काढला नाही. आमचा कुत्रा, भुऱ्या, बैलगाडीतल्या कडब्यावर आडवा पडला होता. चारी पाय ताठ, मान मागे वळलेली, ओठ ओढले जाऊन दात दिसत होते. अशा वेळी हात काढायचा तरी कसा? मी त्याच्या पाठीवरून हात फिरवतच होते. मग डॉक्टरसाहेब गाडीजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमचा हात लागला की त्याला झटका येऊन राह्यला. काढा अन् बघा."

मी हात काढला. थोड्या वेळाने भुऱ्याचे पाय सैल झाले, पोट खालीवर होऊ लागलं. तेवढ्यात बैलाने मान हलवली, गळ्यातली घुंगरं वाजली, आणि तो पुन्हा ताठ झाला.

"तुम्ही म्हणता तसा कुचलाच खाल्लाय त्याने," डॉक्टरसाहेब म्हणाले. "इंग्रजीत स्ट्रिकनीन म्हणतात."

स्ट्रिकनीन म्हणजे कुचल्याच्या बियांतलं विष. त्यांनी तेव्हा सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. आपल्या नसांना एक लगाम असतो. कोणी शिवलं, कुठे आवाज झाला, तर अंगाने किती दचकायचं ते तो लगाम ठरवतो. हे विष तो लगामच तोडतं. मग भांडं पडलं तरी सगळं अंग एकदम आवळतं, छातीसुद्धा, आणि श्वास अडकतो. मरण येतं ते त्या अडकलेल्या श्वासाने. झटके जितके कमी, तितकी वाचायची आशा जास्त.

"अन् त्याला शुद्ध हाय, बाई," ते म्हणाले. "सगळं कळून राह्यलं त्याला."

मी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, आम्ही जालन्याला राहत होतो तेव्हाची. कुत्रं पाळणाऱ्याला रानावनात जावंच लागतं, आणि रानात कोणी काय टाकून ठेवलं असेल ते सांगता येत नाही. कोणावर अशी वेळ आलीच तर निदान आम्ही केलं ते त्याने करू नये, म्हणून लिहिते आहे.

शुक्रवार होता. शुक्रवारी कचेऱ्या बंद, म्हणून यांना सुट्टी. हे तहसिलीत कारकून होते. माझी थोरली बहीण, अक्का, अंबडच्या रस्त्यावरच्या एका वाडीत दिलेली. तिच्या शेतावर आम्ही पौषात हुरड्याला जायचो. सासूबाई कधी यायच्या नाहीत. हे, मी आणि भुऱ्या. भुऱ्या गाडीत बसायचा नाही, सगळी वाट गाडीखालून चाकांच्या मधून पळायचा.

आगटी पेटली होती. दाजी कणसं भाजून तळहातावर चोळत होते, अक्का तिळाची चटणी वाढत होती, आणि मी नेहमीप्रमाणे बोलत होते. माझ्या तोंडाला कुलूप नाही असं आमच्या घरी सगळेच म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. भुऱ्या ओढ्याकडे गेला होता. आला तो जिभल्या चाटतच.

आधी तो नुसता अस्वस्थ झाला. एका जागी बसेना. पाठीवर हात ठेवला तर दचकला. हे पहिलं लक्षण, पण मला वाटलं ठिणगी उडाली असेल. मग तो लाकडी पाय लावल्यासारखा चालू लागला, आणि चालता चालता कोसळला.

आपल्याकडे कोणाला फेफरं आलं की काय करायचं हे कोणी शिकवावं लागत नाही. अक्काने बुक्कीने कांदा फोडला आणि त्याच्या नाकाशी धरला. मी यांची चप्पल हुंगवली. चामड्याच्या वासाने फिट उतरते हे मी लहानपणापासून पाहत आले होते. हे त्याच्या कानाशी तोंड नेऊन "भुऱ्या, भुऱ्या" म्हणून ओरडत होते. मी तोंडावर पाणी मारलं. कांद्याला एक झटका, चपलेला एक, हाकेला एक, पाण्याला एक. जिवापाड माया करत होतो आम्ही, आणि प्रत्येकाच्या मायेला तो कमानीसारखा वाकत होता.

दाजी मात्र गप्प झाले होते. मोकळ्या तोंडाचा माणूस, पण कणसं टाकून उठले आणि ओढ्याकडे जाऊन आले.

"कोल्ह्यायसाठी टाकल्ते म्या," ते यांना म्हणाले. "शेळीची करडं नेल्ती ना त्यायनी. मटणाच्या तुकड्यात कुचला. तुमी येणार म्हणून सकाळीच समदे उचलून आणल्ते, बराबर उचलल्ते. एखादा कोल्ह्यानं वढून नेऊन झुडपात टाकला आसंल. मला काय ठावं, भाऊजी."

अक्काने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला तशातही त्यांची दया आली. पण दाजींनी सांगितलं हे फार बरं केलं. काय खाल्लं ते कळलं की वैद्याचं अर्धं काम होतं. जनावराला बोलता येत नाही, तेव्हा माणसाने लपवू नये.

गाडी जुंपली. जालन्यापर्यंतचा रस्ता मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. चाक दगडावरून गेलं की झटका. सावकाश हाका म्हणावं तर वेळ जाणार, जल्दी हाका म्हणावं तर हिसके बसणार. मी एकदा हे म्हणत होते, एकदा ते. शेवटी दाजी म्हणाले, "ताई, तुमी आता बोलू नका."

जनावरांचा दवाखानाही शुक्रवारी बंद. पण डॉक्टरसाहेब मागेच राहायचे, हैदराबादेहून शिकून आलेले, आणि नुकतेच नमाज पढून परतले होते. त्यांनी डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नाही. रुमालावर क्लोरोफॉर्म घेऊन, म्हणजे भूल देण्याचं औषध, नाकाजवळ धरलं. अंग सैल पडल्यावर क्लोरल हायड्रेट दिलं. हे गुंगीचं औषध. तोंडाने पाजलं तर झटक्यात श्वासनळीत जातं, म्हणून पिचकारीने मागच्या बाजूने. दूध नाही, तूप नाही, पाणीही नाही. गुंगीत होता तेवढ्यात त्यांनी त्याच्या कानांत कापसाचे बोळे बसवले.

"इथं न्हाई ठेवता येत," ते म्हणाले. "टांग्याचे घोडे आहेत, सांड ओरडतो. घरी अंधारी खोली हाय का? आवाज बिलकुल नको. उजेड नको. हात तर बिलकुल नको. उद्या संध्याकाळपर्यंत निभावला तर जगला."

मी म्हटलं, लाकडं ठेवायची खोली आहे. दुसरी एक होती, पण तिचं नाव काढायची माझी छाती झाली नाही.

आमच्या घरी माजघरामागे बाळंतिणीची खोली होती. खिडकी नाही, वारा नाही. सासूबाईंनी ती दर दिवाळीला पोतेऱ्याने सारवून कुलूप लावून ठेवलेली. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि त्या खोलीचं कुलूप सारवण्यापुरतंच निघत होतं. सासूबाई कडक सोवळ्याच्या. भुऱ्याने उंबरा ओलांडायचा नाही असा नियम. "नातवाच्या जागी कुत्रं मांडीवर घेऊन बसती," असं त्या एकदा शेजारणीजवळ म्हणाल्या होत्या, आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

डॉक्टरसाहेब गाडीबरोबर चालत घरापर्यंत आले. त्यांनी लाकडांची खोली पाहिली. पत्र्याला भोकं, उजेड झिरपत होता, वाऱ्याने पत्रा वाजत होता. त्यांनी मान हलवली.

सासूबाई ओसरीवर उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या आत गेल्या. किल्ल्यांचा जुडगा वाजू नये म्हणून मुठीत आवळून धरला होता. त्यांनी त्या खोलीचं कुलूप काढलं.

"इथं आणा," त्या म्हणाल्या.

"आई, ती खोली..." हे चाचरले.

"रिकामीच हाय ना. आणा."

रडू येत होतं, पण रडण्याचाही आवाज होतो.

गप्प घर कसं करायचं हे मी त्या दिवशी शिकले. जातं बंद, रहाट बंद. तांब्याचे हंडे फडक्यावर ठेवायचे. माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरलेल्या; सवाष्णीने त्या काढायच्या कशा? सासूबाईंनीच जुन्या धोतराची चिंधी फाडून मनगटांना गुंडाळली. जोडवी फरशीवर वाजू नयेत म्हणून मी पायांनाही फडकी बांधली. संध्याकाळी सासूबाईंनी घंटा न वाजवता देवाला ओवाळलं. शेजारी हे जाऊन सांगून आले, आणि एरवी एकमेकांचा गळा धरणाऱ्या त्या घरातून टाचणी पडल्याचाही आवाज आला नाही.

पण सरकी काढायच्या गिरणीच्या, म्हणजे जिनाच्या, भोंग्याचं काय करणार? कापसाचा हंगाम होता, आणि जिन आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पाळी बदलली की भोंगा. हे विचारून आले आणि चेहरा पाडून परतले. अख्खं गाव त्या भोंग्यावर चालत होतं, एका कुत्र्यासाठी तो कोण थांबवणार? मग घरातल्या होत्या नव्हत्या त्या गोधड्या आम्ही दाराला टांगल्या, फटींत चिंध्या कोंबल्या.

आणि वाट पाहत बसलो. मी आणि सासूबाई, खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून. गोधडीच्या कडेने दिव्याची तिरीप येत होती, तेवढ्यावर भुऱ्याचं पोट हलताना दिसायचं. मला एका जागी बसायची सवय नाही. पाय दुमडावा, सोडावा, पदर सारखा करावा, उठून बघावं, असं सारखं होत होतं, आणि काहीच करायचं नव्हतं. आजाऱ्याजवळ बसायचं म्हणजे कपाळावर हात ठेवायचा, पाय चेपायचे, एवढंच मला ठाऊक. नुसतं बसून राहणं ही सेवा आहे हे मला पटत नव्हतं.

भोंगा झाला. इतक्या गोधड्यांतूनही तो आलाच. भुऱ्या ताठ झाला, मान मागे गेली, आणि पोट हलायचं थांबलं. आता हलेल, आता हलेल. हलेना. जीभ काळसर दिसू लागली. माझा हात आपोआप पुढे गेला.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की चिंधीखाली एक बांगडी पिचली. मी हात ओढत होते आणि त्या सोडत नव्हत्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला असं धरलं नव्हतं.

मग भुऱ्याने श्वास घेतला. लांब, घरघरता. पोट पुन्हा हलू लागलं.

ती रात्र तशीच गेली. सकाळच्या भोंग्याला झटका आला पण लवकर सुटला. दुपारी डॉक्टरसाहेब येऊन पुन्हा गुंगीचं औषध देऊन गेले. संध्याकाळच्या भोंग्याला मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा भुऱ्याचा एक कान तेवढा हलला होता, माशी बसल्यावर हलतो तसा. बाकी अंग सैल.

डॉक्टरसाहेबांनी येऊन त्याच्या पाठीला एक बोट लावलं. काही झालं नाही. दोन बोटं लावली.

"निभावला," ते म्हणाले. "पाणी ठेवा समोर. पाजू नका, तोच पिईल."

प्यायला. लपलप आवाज झाला आणि मी आणि सासूबाई दोघी एकदमच रडलो. आता आवाज चालणार होता.

इथे गोष्ट संपायला हवी, पण आजार असा एका दिवशी संपत नाही. सासूबाईंनी खोली धुतली, गोमूत्र शिंपडलं, पण कुलूप पुन्हा लावलं नाही. भुऱ्या चार घास खाऊ लागला, अंगणात हिंडू लागला. आणि माझ्याकडे येईना. मी हात पुढे केला की अंग चोरायचा, शेपूट पायांत घालून मागे सरायचा. जाऊन बसायचा कुठे, तर सासूबाईंच्या दारापाशी. "मी काय त्याला बोलवून राह्यले का?" त्या म्हणायच्या. "त्योच येऊन बसतो." पण उठवायच्या नाहीत.

मी डॉक्टरसाहेबांना विचारलं, अजून नसांत काही राहिलं आहे का. ते म्हणाले, "नसा साफ आहेत, बाई. पण शुद्ध होती ना त्याला. तुमचा हात आला की दुखतं, एवढं त्याने ध्यानात ठेवलं."

खरं सांगते, विषापेक्षा हे जास्त लागलं मला. ज्याला मी पिलू असताना पदरात घालून आणलं, त्याला माझा हात म्हणजे वेदना. राग आला त्याचा. सासूबाईंचाही आला. मग कळलं की यावर औषध तेच आहे जे त्या खोलीत होतं, हात आवरून बसायचं, आणि ते मलाच घ्यायचं आहे. मी त्याला बोलावणं सोडलं. तुमचं जनावर असं दुरावलं तर तुम्हीही सोडा. भाकरी ठेवा आणि बाजूला व्हा. फार जड जातं, पण करा.

डॉक्टरसाहेबांचे, दाजींच्या खरेपणाचे, शेजाऱ्यांचे उपकार आहेतच. सासूबाईंचे किती, ते मला सांगता येत नाही. त्यांना तोंडावर सांगितले असते तर त्यांनी मला कामाला लावलं असतं.

संक्रांत होऊन गेली होती. दुपारी मी ओसरीवर तीळ निवडत बसले होते, सासूबाई आत पडल्या होत्या. भुऱ्या उठला. आळस दिला. अंगण ओलांडून आला, थोडा थांबला, माझ्या पायाचा वास घेतला, आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकून आडवा झाला. त्याचा गरम श्वास घोट्याला लागत होता.

माझे दोन्ही हात सुपात होते. ते मी तिथेच ठेवले.